दत्तारामच्या पेटीचं बिल

लालबागला आमच्या इमारतीच्या पॅसेजमध्ये, माझ्या दाराबाहेर, सुतारकामाच्या हत्यारांच्या दोन पेट्या ठेवलेल्या असतात. दोन्हींना कुलूप नाही. सेक्रेटरी येता-जाता मला बजावतात, "मेस्त्री, पेट्या आत घ्या, चोरीला जातील." मी म्हणतो, "बघू या, जातात का!" त्यांना वाटतं, रिटायर झाल्यापासून म्हातारा सटकलाय. वाटू दे.

त्यातली एक पेटी माझी. तिला चोर लागला तर मी त्याला चहा पाजीन, कारण आजच्या चोराला बॅटरीवरची मशिनं लागतात. माझ्या पटाशा आणि रंधे बघून तो नाक मुरडून पुढे जाईल. ज्या हत्यारांसाठी आयुष्यभर रात्री धड झोप लागली नाही, त्यांना आता चोरसुद्धा विचारत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. दुसरी पेटी कुणाची आणि ती माझ्या दारात का, ते सांगायलाच लिहायला बसलोय. संपादकांनी मागितलं होतं फर्निचरच्या बदलत्या फॅशनवर. ते कोणीही लिहील. सनमायका आला, सनमायका गेला, झालं.

आधी आमचा धंदा समजून घ्या. आमच्यात सर्टिफिकेट नाही. साइटवर नवा माणूस आला की त्याला शिक्षण विचारत नाहीत, त्याची पेटी बघतात. मोठी मशिनं कॉन्ट्रॅक्टरची, पण करवत, रंधा, पटाशी, गुण्या हे ज्याचं त्याने आणायचं. स्वतःची पेटी असेल तो मेस्त्री. नसेल तो हेल्पर, मग हात कितीही सोन्याचा असो. मेस्त्रीला "अहो" म्हणतात, हेल्परला "ए". मेस्त्रीसाठी चहा येतो, हेल्पर तो आणायला जातो. त्यामुळे पेटी चोरीला गेली की नुसतं लोखंड जात नाही. काल ज्याला लोक अहो-जाहो करत होते तो आज प्लायच्या शिटा वाहायला लागतो. आणि दुसऱ्याची पटाशी मागून काम करायची आमच्यात पद्धत नाही. न विचारता हात लावला तर सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं.

आता चोर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोणी गर्दुल्ला येईल. असतात तेही. पण माझी निम्मी हत्यारं सभ्य माणसांनी नेली. शिवाजी पार्कला एका रिटायर्ड प्राध्यापक बाईंकडे कपाटांचं काम होतं. पहिल्या दिवशी बाईंनी आमच्यासमोर चांदीची भांडी मोजली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं, कुलूप ओढून बघितलं. आम्ही मान खाली घालून उभे. संध्याकाळी माझी एक इंची पटाशी गायब. सगळं घर शोधलं. शेवटी सापडली स्वयंपाकघरात, ओट्यावर. बाईंनी तिने नारळ फोडला होता. म्हणाल्या, "अहो, समोर पडली होती, मला वाटलं तुमची जुनी असेल." धार अशी गेली होती की पुढचे दोन दिवस मी पटाशी घासत बसलो, आणि बाई विचारायच्या, "मेस्त्री, काम कधी सुरू करणार?"

दादरचे दुसरे एक गृहस्थ. फ्रेम सरळ लावायला माझी पाणसळ मागून घेतली. पाणसळ म्हणजे लेव्हल बघायची पट्टी, मधे पाण्याचा बुडबुडा असतो ती. मी ती परत मागायला गेलो तर घराला कुलूप, कुटुंब पुण्याला शिफ्ट. फ्रेम त्यांच्या वडिलांच्या फोटोची होती. वडील तरी भिंतीवर सरळ असतील, तेवढंच समाधान.

हत्यारं सांभाळायचे आम्ही नाना उपाय केले. पेटी उशाला घेऊन झोपलो, साखळीने खिडकीच्या गजाला बांधली, रंध्यावर नाव कोरलं. नाव कोरल्याने एवढंच होतं की चोराला तुमचं नाव कळतं. पण सगळ्यात भारी उपाय काढला पास्कलने. पास्कल म्हणजे गिरगावातला आमचा ख्रिश्चन सुतार. माझ्याएवढंच वय, अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून दांडगा. फणसवाडीत एका मुलीची खोली रंगवून उरलेला गुलाबी ऑइलपेंट त्याने उचलला आणि पेटीतलं एकूण एक हत्यार गुलाबी करून टाकलं. हातोडी गुलाबी, करवतीची मूठ गुलाबी.

"अरे येड्या, हे काय?" मी विचारलं.

"गुलाबी हातोडी घेऊन कुठला मर्द चोर रस्त्याने जाईल? सांग ना!"

गंमत म्हणजे उपाय चालला. पास्कलचं काही चोरीला जाईना. झालं, ते बघून साइटवरच्या सगळ्यांनी डबा फिरवला आणि आपापली हत्यारं रंगवली. आठवडाभरात गुलाबी हातोडी कुणाची यावरून एवढी भांडणं झाली की कॉन्ट्रॅक्टरने काम थांबवलं. पास्कल डोक्याला हात लावून म्हणाला, "सेंट जोसेफ पण सुतार होता. त्याला हा ताप नव्हता बाबा. गावात एकच सुतार!"

आता दत्तारामकडे येतो.

दत्ताराम माझ्याच भागातला, मालवणकडचा. राहायला ठाण्याच्या पुढे, दिव्याला. पन्नाशीकडे आलेला, कमी बोलणारा माणूस. रंधे त्याने स्वतः बनवलेले. जुन्या शिसवी दाराचा तुकडा कुठेतरी मिळाला, त्यातून घडवले, आणि पटाशांच्या मुठीही त्याच लाकडाच्या. त्याच्या पेटीतून काही बाहेर निघालं की आमचे हात थांबायचे. माझं रिटायर होण्याआधीचं शेवटचं काम मी, पास्कल आणि दत्ताराम तिघांनी मिळून घेतलं होतं. परळला एक टॉवर झालाय, पूर्वी तिथे चाळी होत्या. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं लाकूडकाम. देवघराचे दरवाजे कोरायचे होते, ते अर्थात दत्तारामकडे.

टॉवरला कॅमेरे किती होते देव जाणे. संडासच्या बाहेरसुद्धा एक. आत येताना कामगाराला कोणी विचारत नाही, जाताना मात्र पिशवी उपडी करून बघतात. डब्यातली उरलेली भाजीसुद्धा हुंगतात. एवढं असूनही एका फ्लॅटमधून कामगारांची दोन ड्रिल मशिनं गेली. मग तिथले फॅसिलिटी मॅनेजर निमकर साहेब कामाला लागले. फॅसिलिटी मॅनेजर म्हणजे बिल्डिंगची झाडलोट, लिफ्ट, वॉचमन बघणारा माणूस, पण टाय घालतो. साहेबांनी योजना काढली. गेटवर बोर्ड लागला : "हत्यार सुरक्षित, कारागीर सुरक्षित".

योजना अशी. प्रत्येक हत्यारावर नंबरचा स्टिकर लावायचा. संध्याकाळी हत्यारं बेसमेंटमधल्या जाळीच्या खोलीत जमा करायची, सकाळी घ्यायची. ज्याच्या नावावर हत्यार त्याला नारंगी जॅकेट, त्यावर लिहिलेलं "कारागीर". ज्याच्या नावावर हत्यार नाही त्याला पिवळं, "मदतनीस". पिवळ्याने हत्याराला हात लावायचा नाही आणि हत्यार गेटबाहेर न्यायचं नाही. आठवडाभर कोणी उचललं नाही ते हत्यार बेवारस, आणि बेवारस माल वेळोवेळी भंगारात.

स्टिकर लावायला आलेल्या माणसाने दत्तारामच्या रंध्याला तळाला स्टिकर चिकटवला. तळ म्हणजे जो लाकडावरून सरकतो तोच भाग. दत्ताराम म्हणाला, "बाजूला लावा ना." तो म्हणाला, "कॅमेऱ्याला दिसायला पाहिजे." रंधा उलटा धरून काम करायची नवी पद्धत निघाली होती बहुतेक.

मी माझी पेटी रोज खांद्यावरून लालबागला नेली. पास्कल गिरगावला घेऊन जायचा, म्हणायचा, "मला कोणाची सेफ्टी नको." पण दत्तारामला लोकलच्या गर्दीतून दिव्याला पेटी नेणं शक्य नव्हतं. त्याने जमा करायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर खूश होता. म्हणाला, "दादा, पहिल्यांदाच सुखाने झोप लागते हो."

मग गणपती आले. दत्ताराम गावाला गेला. मीही गेलो. कोकणातला माणूस गणपतीला मुंबईत थांबला तर समजावं की त्याला दवाखान्यात तरी घातलंय नाहीतर तुरुंगात. गौरी-गणपती करून, कुळथाचं पीठ आणि काजू घेऊन आम्ही परत आलो. सकाळी दत्ताराम बेसमेंटच्या खिडकीवर गेला आणि तासाभराने रिकाम्या हाताने वर आला. अंगात पिवळं जॅकेट.

"काय रे, हे काय?"

"पेटी बेवारस झाली," तो म्हणाला. कुणी गेल्यावर सांगतात त्या आवाजात.

मी त्याला घेऊन तडक निमकर साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांनी बसा म्हटलं, पाणी मागवलं. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर अवघड. वाईट माणसाशी भांडता येतं.

"आठवडाभरापेक्षा जास्त दिवस माल उचलला नाही. कुठे होतात?"

"गावाक... गावाला, साहेब. गणपतीला."

"कळवलं होतंत?"

मी मधेच बोललो, "साहेब, गणपतीला कोकणातला माणूस गावी जाणार, हे काय कळवायचं? खाली तुमच्याच मंडपात तुम्ही आरती म्हणत होता म्हणे!"

"मी म्हणत होतो," साहेब म्हणाले, "पण सिस्टमला गणपती माहीत नाही ना!"

सिस्टमने दत्तारामचं नाव पुसून टाकलं होतं. पेटी परत हवी तर मालकी सिद्ध करायची, म्हणजे खरेदीचं बिल दाखवायचं.

"बिल नाही साहेब. रंधे मीच बनवलेत."

"हरकत नाही. मग लाकडाचं बिल द्या."

"लाकूड जुन्या दाराचं होतं."

"दाराचं बिल?"

दत्ताराम कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला. "बिल काय झाडाकडून आणू साहेब?"

निमकर साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "चालेल," ते म्हणाले, "पण त्यावर शिक्का लागेल."

दसऱ्यानंतर भंगारवाला येणार होता. तोवर बिल आणलं नाही तर पेटी वजनावर जाणार. शिसवी मुठीच्या पटाशा, वजनावर! मला रडायला यायचं बाकी होतं.

आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"वस्तू हरवलीय?"

"नाही."

"चोरीला गेलीय?"

"नाही, बेसमेंटमध्ये आहे. जाळीतून दिसतेय."

"कुलूप आहे? कॅमेरा आहे?"

"दोन्ही आहे."

"मग तुमची वस्तू मुंबईतल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त सुरक्षित आहे," हवालदार म्हणाले. "चोरीला गेली की या. लगेच लिहून घेतो."

बाहेर पडल्यावर पास्कल रस्त्यातच थांबला. "आयडिया! आपणच चोरू."

"माझीच पेटी मी चोरू?" दत्ताराम म्हणाला. "आणि पकडलो तर?"

"पकडला तर बेस्टच रे! पोलिसाला लिहायला लागेल ना, दत्तारामने दत्तारामची पेटी चोरली. झालं की नाही प्रूफ?"

मी हसलो. दत्ताराम हसला नाही. तेव्हा मला कळलं की त्याच्या आत काय चाललंय. रोज सकाळी गेटवर वॉचमन सावंत त्याला पिवळं जॅकेट द्यायचा. हा सावंत पूर्वी त्याला "मेस्त्री, जेवलात काय?" म्हणून विचारायचा. आता खाली मान घालून जॅकेट पुढे करायचा. नियमच होता, पिवळ्याला नावाने हाक मारायची नाही, जॅकेटचा नंबर घ्यायचा. देवघराचे दरवाजे अर्धे कोरलेले भिंतीला टेकून उभे, आणि ते ज्याने कोरले तो माणूस खालून प्लाय वाहतोय. माझी पेटी मी त्याच्यापुढे उघडून ठेवली. म्हटलं, घे, पद्धत गेली चुलीत. त्याने एक पटाशी हातात घेतली, मूठ फिरवून बघितली, परत ठेवली. म्हणाला, "दादा, तुमच्या हाताला बसलेली आहे ती. माझ्याकडून दरवाजा बिघडेल."

मग खाली बघून म्हणाला, "घरी सांगितलं नाही अजून. दर खंडेनवमीला बायको पेटीसाठी झेंडूची माळ करून देते. यंदाही करणार. काय सांगू तिला?"

निमकर साहेबांना आणि त्यांच्या सिस्टमला मी मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की त्या या अंकात छापता यायच्या नाहीत.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदला दिवस. त्या दिवशी आमची हत्यारं पाटावर मांडतात, पूजा होते, आणि ती दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत. कारागिराला वर्षातून एकदा मिळणारी हक्काची सुट्टी, तीही हत्यारांमुळे. निमकर साहेबांना कुणीतरी हे सांगितलं असावं. त्यांनी ठरवलं की टॉवरच्या लॉबीत भव्य पूजा करायची, रहिवाशांना बोलवायचं, फोटो काढायचे. पण कारागिरांची हत्यारं तर कारागीर आदल्या संध्याकाळी घरी घेऊन गेलेले. पूजेला मांडायचं काय? मग साहेबांनी बेसमेंटमधला बेवारस माल वर आणला. तेल लावून पुसून, लाल कापडावर, वर स्पॉटलाइट. मधोमध दत्तारामचे रंधे आणि पटाशा, कारण दिसायला त्याच सुंदर. स्टिकरसुद्धा काढले होते, फोटोत बरे दिसत नाहीत म्हणून.

त्या दिवशी आम्ही काम करणार नव्हतो, पण फ्लॅटच्या मालकांनी प्रसादाला बोलावलं होतं. मी आणि पास्कल मागे उभे. दत्ताराम पिवळ्या जॅकेटात फुलांचं तबक धरून पुढे, कारण साहेबांनी मदतनिसांना तेच काम दिलं होतं. समोर त्याची पेटी उघडी आणि त्याच्या हातात दुसऱ्याने पूजा करायची म्हणून फुलं. मला बघवेना.

निमकर साहेब झब्बा घालून पाटावर बसले. हळदीत बोट बुडवलं, आणि इतक्यात मागून आवाज आला, "ओ साहेब, थांबा! ह्यां हत्यार तुमचां?"

परबमावशी. टॉवरच्या जागी चाळ होती तेव्हापासूनच्या. आता टॉवरमागच्या छोट्या इमारतीत राहतात. नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, गिरणीतली खंडेनवमी त्यांनी बघितलेली.

साहेब म्हणाले, "नाही मावशी, ही बेवारस आहेत. आपण सगळ्यांच्या वतीने..."

"वतीने खंयचां? ज्येचां हत्यार तेनांच हळद लावची. दुसऱ्यान लावली तर हत्यार रुसता. बेवारस म्हणे! झाडावरून पडली काय ती?"

लॉबीत कुजबुज सुरू झाली. रहिवाशांचे फोन वर झाले. कमिटीचे अध्यक्ष, परदेशातून परत आलेले गृहस्थ, कौतुकाने म्हणाले, "व्हेरी ऑथेंटिक! मग ओनरला बोलवा ना."

निमकर साहेबांचं बोट तसंच हळदीने भरलेलं, हवेत. ते इकडेतिकडे बघायला लागले. आणि दत्तारामने तबक खाली ठेवलं. चपला काढल्या. कुणाला काही विचारलं नाही. साहेबांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि एकेक पटाशी उचलून, नीट आडवी ठेवून, हळद-कुंकू लावायला लागला. रंध्यांना लावलं. करवतीला लावलं. शेवटी जॅकेटच्या आतून डब्याची पिशवी काढली, त्यातून झेंडूची माळ. बायकोने केलेली. ती पेटीला घातली आणि हात जोडले.

टाळ्या पडल्या. पास्कलने नाक शिंकरलं आणि मला म्हणाला, "सर्दी झालीय." मी म्हटलं, मलाही.

निमकर साहेब हुशार माणूस. प्रसंग वाया घालवायचा नाही म्हणून त्यांनी लगेच दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. तासाभरात तो बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. खाली साहेबांनी स्वतः लिहिलेलं : "आपल्या संकुलातील कारागीर श्री. दत्ताराम स्वतःच्या हत्यारांची पूजा करताना. हत्यार सुरक्षित, कारागीर सुरक्षित." शंभरेक अंगठे आणि हात जोडल्याची चित्रं. फ्लॅटच्या मालकांनी तो फोटो मला पाठवला आणि मी त्याखालचा मजकूर सात वेळा वाचला, खरंच लिहिलंय ना म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही तिघे केबिनमध्ये. मी फोन टेबलावर ठेवला.

"फोटो म्हणजे बिल नव्हे," साहेब म्हणाले.

"मान्य," मी म्हटलं. "मग आता ग्रुपवर दुसरा मेसेज टाका. लिहा की ही हत्यारं ह्या माणसाची नाहीत, काल चुकून त्याला दुसऱ्याच्या हत्यारांची पूजा करू दिली. अध्यक्षांना पण कळवा. ते ऑथेंटिक म्हणाले होते."

"आणि परबमावशीला पण सांगा," पास्कल म्हणाला. "तुम्ही जाऊन सांगा हां. आम्ही नाय जाणार."

साहेबांनी फोन उचलून फोटो बोटांनी मोठा करून बघितला. फोटोत ते खरंच छान दिसत होते. शेवटी म्हणाले, "स्पेशल केस म्हणून घेऊन जा. पण नवीन रजिस्ट्रेशन होईपर्यंत जॅकेट पिवळंच राहील."

लॉबीत जाऊन दत्तारामने पूजा उतरवली. पेटी भरली, खांद्यावर घेतली, आणि आम्ही गेटवर आलो. तिथे सावंत. त्याने पेटीकडे बघितलं, पिवळ्या जॅकेटकडे बघितलं. बिचारा रडकुंडीला आला.

"पिवळ्याने हत्यार बाहेर न्यायचा नाय..." तो म्हणाला. "वर कॅमेरा आसा."

मी तोंड उघडणार होतो, पण दत्तारामने पेटी खाली ठेवली. जॅकेट काढलं. नीट घडी करून सावंतच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर खिशातलं आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे सावंत," म्हणाला.

सावंतने पान उचलून कपाळाला लावलं. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि पेटी उचलायला एका बाजूने हात लावला.

"चला मेस्त्री," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. कॅमेऱ्याला ऐकू जातं की नाही मला माहीत नाही.

देवघराचे दरवाजे दत्तारामनेच पूर्ण केले, नारंगी जॅकेट यथावकाश मिळाल्यावर. भंगारवाला येऊन बाकीचा बेवारस माल घेऊन गेला. त्यात कुणाकुणाची हत्यारं होती आणि त्यांचे मालक आज कुठे प्लाय वाहतायत, हे मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. आमचा एक सुटला, कारण साहेबांना फोटोची हौस होती. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. त्या जाळीच्या खोलीला पुढे म्हणे आणखी एक कुलूप लागलं.

काम संपलं आणि मी रिटायर झालो. दत्ताराम आता लोअर परळला दुसऱ्या टॉवरमध्ये कामाला आहे. तिथेही हत्यारं जमा करायची सोय आहे, बोर्ड आहे, सगळं आहे. बोर्ड वाचूनच त्याला घाम फुटला. संध्याकाळी चालत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, पेटी तुमच्या पॅसेजमध्ये ठेवू?" मी म्हटलं, "इथे कुलूप नाही, कॅमेरा नाही, काही नाही." तो म्हणाला, "म्हणूनच."

तेव्हापासून त्याची पेटी रोज संध्याकाळी माझ्या पेटीशेजारी येते. तो चहा पितो आणि दिव्याला जातो. तो गेला की मी हळूच झाकण उघडून बघतो. पटाशांवर ताजा भुसा असतो, सागाचा वास येतो. माझ्या पेटीला हल्ली नुसता गंजाचा येतो. थोडा वेळ मी तिथेच स्टूल टाकून बसतो. बायको आतून ओरडते, "चोरासाठी थांबलात की काय?"

सकाळी दत्ताराम येतो तेव्हा मी मुद्दाम दारात उभा असतो. तो वाकून पेटी उचलतो, आणि मी आडवा हात धरून रोज तेच विचारतो.

"बिल आहे का रे?"

"झाडाकडून आणतो हां, दादा," म्हणत तो पेटी खांद्यावर घेतो आणि जिना उतरतो.